तिवईच्या तक्रारी

रविवार, ४ तारीख

ही वही औषधांच्या एका कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची बाटली छापलेली आहे म्हणे. सूनबाई औषधांच्या दुकानात कामाला, तिला अशा वह्या फुकट मिळतात. मला अक्षर येत नाही. आकडे येतात, तेही शिवणाच्या टेपेवर असतात तेवढे, म्हणजे साठपर्यंत. तेव्हा मी बोलायचं आणि सूनबाईने लिहायचं असं ठरलं. अट एकच, मधे स्वतःचं शहाणपण घालायचं नाही. ती म्हणाली, "आई, तुमचंच मावणार नाही यात, माझं कुठे घालू?" हेही लिही म्हटलं.

वही कशासाठी, तर घरात सध्या जे चाललंय ते मला नंतर नीट आठवायला हवं. नातीने बरी चाललेली नोकरी सोडली, त्याला वर्ष होत आलं. घरी बसून ती एक ॲप बनवते. ॲप म्हणजे मोबाइलमध्ये राहणारा कारकून. हा कारकून एका खेळाच्या नोंदी ठेवतो.

खेळ असा. टेबलाभोवती बसायचं. नात गोष्ट सांगते, "तुमच्यापुढे दरी आहे, पूल कुजलेला आहे." मग आपण काय करणार ते ज्याने त्याने सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. प्रत्येक जण तिथे दुसराच कुणीतरी होऊन बसलेला असतो. दातांची डॉक्टरीण जादूगार आहे. बसचा ड्रायव्हर वैदू आहे. आठवडाभर एवढं मोठं धूड गर्दीतून हाकतो आणि इथे कोळी दिसला की माझ्या मागे लपतो. मी सात फुटी राक्षसीण. माझं तिथलं नाव टाचणी. कुणाचा जीव किती उरला, कुणाच्या झोळीत काय आहे, हे सगळं ॲपने लक्षात ठेवायचं. अकरा महिने दर रविवारी दुपारी खेळतोय, गोष्ट अजून संपलेली नाही.

मोबाइलवरचं मला वाचता येत नाही, म्हणून सूनबाई माझ्या शेजारी तिवईवर बसते आणि कानाशी वाचून दाखवते. "आई, जीव बावीस." "आई, झोळीत कंदील आहे." ती स्वतः खेळत नाही. असले पोरखेळ तिला आवडत नाहीत. फक्त मी भलत्याच दारात शिरायला लागले की मांडीला चिमटा काढते.

बुधवार, ७ तारीख

ॲप वापरणारे लोक त्याखाली आपलं मत लिहून जातात. काय आवडलं ते थोडक्यात, काय नाही ते सविस्तर. नातीने आज जेवताना वाचून दाखवलं. एकाला नकाशा हवा आहे. एकाला फासे मोबाइलमध्येच हवेत, म्हणजे ते सोफ्याखाली जाणार नाहीत. आणि एक कुणीतरी आहे, नाव लावलंय 'तिवई', त्याच्या एकट्याच्या बारा तक्रारी आहेत.

"ही ऐक," नात म्हणाली. "'ज्यांना वाचता येत नाही त्यांनी हे ॲप कसं वापरायचं? त्याला बोलता यायला हवं. आमच्या टेबलावर एक वयस्कर बाई आहेत, त्या सगळ्यांपेक्षा चांगल्या खेळतात, पण स्वतःची झोळी त्यांना दुसऱ्याला विचारावी लागते.'"

जगात माझ्यासारखी आणखी एक आहे तर. ऐकून बरं वाटलं. सगळ्यांपेक्षा चांगली खेळते हे मात्र मी पाहिल्याशिवाय मानणार नाही.

नात चिडली होती. "तेराव्या तक्रारीची तयारी चालली असेल आता. म्हणे, एकदा पुसलं की परत आणता येत नाही. अरे, पुसायच्या आधी दोनदा विचारतं ना ॲप. कोण आहे हा माणूस? दुसरा उद्योग नाही का याला?"

मी म्हटलं, "सुतार असेल. नाहीतर कोण स्वतःला तिवई म्हणवून घेतो?"

सूनबाई पानात बघून जेवत होती. नातीच्या ॲपबद्दल ती बोलत नाही. नोकरी सोडली त्या दिवशी दोघींचं वाजलं होतं, तेव्हापासून माय-लेकी फक्त भाजी, किल्ल्या आणि कपडे वाळत घालणं एवढ्याच विषयांवर बोलतात. माझा मुलगा जहाजावर असतो, त्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, तुम्ही तिघी बघून घ्या. शहाणा आहे, लांब राहतो.

शुक्रवार, ९ तारीख

खेळ तयार करणारे दोघे, बहीण आणि भाऊ, पंचवीस तारखेला रविवारी आमच्या घरी येणार आहेत. खेळाच्या प्रत्येक पेटीसोबत कुणाचं तरी एक ॲप द्यायचं त्यांनी ठरवलं आहे, आणि बरेच महिने खेळणारं खरं टेबल त्यांना बघायचं आहे. नातीचं ॲप पसंत पडलं तर तिचं वर्ष सत्कारणी लागलं. आणि तिकडे तिच्या जुन्या ऑफिसनेही निरोप पाठवला आहे, परत ये म्हणून. ते दुसऱ्या शहरात, आगगाडीने बारा तास. अठ्ठावीसपर्यंत हो-नाही कळवायचं आहे.

"इथे नाही जमलं तर जाईन, आजी."

मी म्हटलं, जा की. माणसाने जग बघावं. तुझी खोली मला होईल, खिडकी छान आहे तिथली.

सूनबाईने विचारलं, हेही लिहू? म्हटलं लिही. रात्री मी जेवणार नाही, भूक नाही, हे मात्र लिहायची गरज नाही.

सोमवार, १२ तारीख

काल वही उघडली नाही. आज उघडते, कारण सूनबाई म्हणते की वाईट दिवस गाळले तर ती लिहिणार नाही.

काल तिची दुकानात पाळी होती, म्हणून तिवई रिकामी होती. खेळ झाला, डॉक्टरीण आणि ड्रायव्हर घरी गेले. माझ्या मोबाइलची काच मोठी, म्हणून पाहुण्यांना दाखवायचा सगळा खेळ नातीने त्यातच ठेवला होता. तिला फोन आला, ती आत गेली. माझं बोट कुठेतरी लागलं आणि काचेवर एक चौकट आली. खाली दोन बटणं, एक करडं, एक लाल. आयुष्यभर मी बटणं लावली, दाबली कधी नाहीत. तरी मला कळलं की हे विचारतंय, ठेवू की नको? मी लाल दाबलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा लाल दाबलं, जरा जोरात, म्हणजे त्याची खात्री पटावी.

अकरा महिने गेले. टाचणी गेली, जादूगार गेली, वैदू गेला. सगळ्यांचे मोबाइल म्हणे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे माझ्याकडून गेलं ते सगळ्यांकडून गेलं.

नात ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. ती खुर्चीवर बसली आणि टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. सूनबाई दुकानातून आली, तिने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "परत आणायची सोय नव्हती केलीस?"

"आई, आत्ता तू नको."

सूनबाई पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघरात गेली.

मंगळवार, १३ तारीख

सकाळी नात माझ्या पलंगावर येऊन बसली. रागावली नव्हती. "आजी, मला एक सांग. लाल का दाबलंस? लाल म्हणजे धोका, हे कुणालाही कळतं."

मी तिला सांगितलं, एकतीस वर्षं मी गणवेश शिवायच्या कारखान्यात होते. तिथे कापडाचे गठ्ठे कापायला जायच्या आधी आमची मुकादमीण खुणेचे टाके घालायची. पांढरा टाका म्हणजे इथून काप. लाल टाका म्हणजे हे ठेव, इथे कात्री लावू नकोस. लाल टाक्यावर कात्री चालवली म्हणून एका मुलीला मी रडताना पाहिलं आहे. माझ्या हाताला लाल म्हणजे ठेव हेच माहीत.

ती म्हणाली, "आणि खाली शब्दांत लिहिलं होतं, कायमचं पुसायचं का?"

"असेल की लिहिलेलं. तू छानच लिहिलं असशील."

तिने माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. लहानपणी ठेवायची तसं, फक्त आता डोकं जड झालंय.

गुरुवार, १५ तारीख

नातीने तिवई यांच्या सगळ्या तक्रारी पुन्हा वाचल्या. आता तेरा आहेत. मोठ्याने वाचत होती आणि प्रत्येकीनंतर "हं" म्हणत होती. बारीक माणूस आहे हा. एकीकडे लिहिलंय, बोटं जाड असली तर शेजारचं बटण दाबलं जातं. एकीकडे, खेळताना दिवे मंद केले तर राखाडी अक्षरं दिसत नाहीत. एकीकडे, "झोळीत काय आहे ते दिसतं, पण ते कुणी कधी दिलं ते दिसत नाही, आणि आमच्या टेबलावर भांडणं त्यावरूनच होतात." हे तर आमच्याच टेबलासारखं. कंदील मला दरोडेखोराच्या बायकोने दिला की वैदूने, यावरून आमचे दोन रविवार गेले होते. सगळीकडे माणसं सारखीच.

नातीने तिवई यांना उत्तर लिहिलं, मला वाचूनही दाखवलं. "तुमचं बरोबर होतं. मी लक्ष दिलं नाही, त्याची शिक्षा आमच्या घरातल्या एका राक्षसिणीला झाली. आणखी काय कमी आहे ते कृपया सांगा."

शुक्रवार, १६ तारीख

सकाळी चहा उतू गेला. सूनबाईच्या हातून असं होत नाही. शेगडीपाशी उभी राहून मोबाइलवर काहीतरी भराभरा लिहीत होती. दुकानातलं काम, म्हणाली. औषधाचं दुकान, लोकांचे जीव तिच्यावर, शेगडी मीच पुसली.

नऊ वाजता नात खोलीतून ओरडत आली, तिवई यांचं उत्तर आलंय, आणि केवढं मोठं. चौदावी तक्रार. त्यात म्हणे क्रमवार सांगितलंय, वाचता न येणारं माणूस ॲप उघडतं तेव्हा पहिलं बोट कुठे जातं, दुसरं कुठे, कुठे अडतं, अडल्यावर शेजारच्याकडे कसं बघतं.

"आजी, या माणसाने शेजारी बसून पाहिलंय."

म्हटलं, सुतार लोकांची नजर असतेच तशी.

मंगळवार, २० तारीख

नात उसवते आहे. कारखान्यात नवी मुलगी आली की मी तिची शिलाई पाहत नसे, उसवताना तिचा हात पाहायचे. काही जणी रागाने ओढतात, कापड फाटतं. काही जणींना आपलंच काम उसवायचं जीवावर येतं. नात स्वतःचं वर्षभराचं काम टाका टाका सोडवते आणि चांगलं कापड बाजूला ठेवते. मला तिच्या कामातलं काही कळत नाही, पण हात कळतो. तिला मी असलं काही म्हणाले नाही. पाठ सरळ ठेव, एवढं म्हणाले.

ॲप आता बोलतं. आवाज एका बाईचा आहे, जिला जन्मात कधी सर्दी झाली नसावी. प्रत्येक बटणावर चित्र आहे. आणि खाली मागे वळलेला बाण आहे. तो दाबला की आत्ता जे झालं ते झालंच नाही. मला विचाराल तर हा बाण घरात सगळीकडे बसवावा. भिंतीवर सुद्धा.

गुरुवार, २२ तारीख

पुसलेला खेळ परत उभा करायला डॉक्टरीण आणि ड्रायव्हर संध्याकाळी आले. आकडे त्यांना थोडेफार आठवत होते. काय काय घडलं होतं ते मी सांगितलं, दोन तास. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, मी त्या विहिरीत तुम्हाला सोडून पळालो होतो, ते नाही घातलं तरी चालेल."

"तेच आधी घाल," मी नातीला म्हटलं.

मी मधे अडले की तिवईवरून सूनबाई हळूच पुढचं सांगत होती. कुठली दरी, कुठला पहारेकरी, त्याच्या कुत्र्याचं नाव सुद्धा. जी बाई खेळत नाही तिची एवढी आठवण. नातीने दोनदा आईकडे मान वळवून पाहिलं.

रविवार, २५ तारीख

आले आणि गेले. पाय दुखतात, पण सांगते.

बहीण बोलकी, भाऊ मिशीत बोलणारा. त्यांच्यासमोर खेळ मांडला. सूनबाईने नेहमीप्रमाणे तिवई ओढली, तशी नात म्हणाली, "आई, आज तू बसू नकोस. आजी एकटीने खेळते, हेच त्यांना दाखवायचंय."

"हो, खरंच की," सूनबाई म्हणाली आणि दारात जाऊन उभी राहिली.

मी तीन तास एकटी खेळले. कुणाला काही विचारलं नाही. आवाज सांगत होता, मी दाबत होते. दोन दारं आली, मी डावीकडच्या दारात शिरले आणि अजगराने मला गिळलं. चिमटा काढायला कुणी नव्हतं. वैदूने बाहेर ओढलं म्हणून वाचले, आणि त्याने विहिरीची फेड झाली असं जाहीर केलं.

मग नातीने मोबाइल त्या बहिणीच्या हातात दिला. म्हणाली, "आता पुसा."

"काय पुसू?"

"सगळं. अकरा महिने."

बहिणीने भावाकडे पाहिलं. मग पुसलं. नात म्हणाली, "आता आजीकडे द्या." मी बाण दाबला. सर्दी न झालेली बाई म्हणाली, "टाचणी परत आली आहे. जीव चार."

भाऊ पहिल्यांदाच नीट ऐकू येईल असं बोलला. "हे सगळं सुचलं कुणाला?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मला. माझी नात म्हणाली, "तिवई नावाच्या एका माणसाला. भेट झालेली नाही आमची. चौदा तक्रारी केल्या त्यांनी आणि मी आधी चिडले. हे ॲप त्यांच्याइतक्या मायेने कुणी वापरलेलं नाही, मी सुद्धा नाही."

दुसरा चहा यायला फार उशीर झाला. आला तेव्हा त्यात दोनदा साखर पडलेली होती. पाहुणे भले, प्यायले.

बुधवार, २८ तारीख

सकाळी कळलं, पसंत आहे. पेटीवर नातीचं नाव छापणार. तिने जुन्या ऑफिसला फोन करून नाही म्हणून सांगितलं, मी दाराआड उभी राहून ऐकलं.

खिडकीची खोली गेली. आज मी दोनदा जेवले.

सोमवार, २ तारीख

काल खेळलो. सगळं सुरळीत होतं, तेच नको वाटलं. ॲप वेळच्या वेळी बोलतं. "जीव बावीस." बरं. "झोळीत कंदील आहे." बरं. तिवईवर डॉक्टरणीने आपली पिशवी ठेवली होती. सूनबाई आत फडताळं पुसत होती. अधूनमधून फासे पडले की पुसायचा आवाज थांबायचा.

म्हणून आज तिला म्हटलं, लोक तक्रार लिहितात ना, तशी मला लिहायची आहे. ती जागा काढ. तिने स्वतःच्या मोबाइलवर क्षणात काढली, कुठे काय दाबायचं तिला बरोबर माहीत. हुशार झाली आहे. मी सांगितलं ते असं:

"ॲप वाचून दाखवतं, चांगलं दाखवतं. पण आधी जी बाई वाचून दाखवायची तिला त्यात जागा ठेवलेली नाही. ती आता फडताळं पुसते. फडताळं आधीच स्वच्छ आहेत. मला चिमटा काढायला कुणी उरलं नाही आणि मी अजगराच्या पोटात जाऊन आले. ही मोठी उणीव आहे."

"आई, हे कसं लिहू मी?"

"अक्षरात."

तिने लिहिलं. फार वेळ लावून. मी म्हटलं, खाली नाव कुणाचं घालायचं? ती म्हणाली, "इथे आधीच एक नाव आहे. राहू दे तेच."

थोड्या वेळाने नात मोबाइल हातात घेऊन बाहेर आली. तिने आधी काचेकडे पाहिलं, मग तिवईकडे, मग आईकडे. डोळे पाण्याने भरलेले. दिवसभर काचेत बघितल्यावर असंच होणार, सांगून सांगून मी थकले.

"आई, तू?"

"आजींनी सांगितलं ते लिहिलं," सूनबाई म्हणाली. ते खरंच आहे, मी साक्षीला आहे.

मग दोघी गॅलरीत गेल्या आणि तासभर बोलत होत्या. किल्ल्यांबद्दल नसणार, किल्ल्या माझ्याकडे होत्या.

रविवार, ८ तारीख

माझ्या तक्रारीला उत्तर आलं, नातीने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं. नवी सोय करायची गरज नाही म्हणे. सहा जणांची जागा ॲपमध्ये पहिल्या दिवसापासून आहे, फक्त बेरजेची खूण दाबायची. कुणी दाबली नव्हती.

तिवई यांचं मात्र तेव्हापासून काही आलेलं नाही. नातीला म्हटलं, चौकशी कर, एकटा माणूस असेल, आजारी पडला असेल. ती म्हणाली, "मजेत आहेत आजी, काळजी करू नकोस." तिला कुठून कळलं कोण जाणे.

दुपारी सूनबाईला खुर्ची दिली. नात म्हणाली, "आई, तू कोण होणार? विचार कर, घाई नाही."

"चोर," सूनबाई म्हणाली. विचार केलेलाच होता. नाव, चाकूची लांबी, लहानपणी कुठल्या टोळीत होती, सगळं पाठ.

सव्वीस वर्षं ही बाई माझ्या घरात आहे आणि मला पत्ता नव्हता. ड्रायव्हरने झोळी पोटाशी धरली. मी म्हटलं, मला काय भीती, माझी सून आहे. पहिलं दार ओलांडायच्या आत तिने माझा कंदील लांबवला, आणि ॲपने तो कुणी, कधी, कुठून नेला ते सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात सांगितलं.

हे लिहिताना ती हसते आहे. अक्षर वाकडं येत असणार. कंदील अजून परत केलेला नाही.